तिऱ्हाईत सगुणा

आमच्या वाडीत हद्दीचा तंटा निघाला की आधी तिऱ्हाईत नेमतात. म्हणजे दोघांनीही मानलेला तिसरा माणूस. तो गावकीसमोर सांगेल ती हद्द. मोजणीवाल्यांना कुणी बोलवत नाही, कारण साखळी एकदा जमिनीवर पडली की एकाच नव्हे, सगळ्या वाडीचे गडगे, म्हणजे हद्दीवरच्या दगडी भिंती, हलतील, ही धास्ती सगळ्यांच्याच पोटात. तिऱ्हाईताला एक नेम असतो. नेमल्यापासून निवाडा होईपर्यंत भांडणाऱ्या दोन्ही घरांचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. प्यायला तर त्याचा शब्द बाटला.

हे काम बाईमाणसाकडे कधी आलं नव्हतं. सगुणाकडे आलं ते ती शहाणी म्हणून नव्हे, बाकीचे सगळे मेले म्हणून.

सगुणा माझ्या शेजारची. तिच्या आणि माझ्या पडवीच्या मधे एक कढीलिंबाचं झाड, तेवढंच अंतर. नवरा लवकर गेला. एक मुलगा, बाबल्या. भात, नाचणी, चार काजू, एक म्हैस, असं तिचं राज्य. बोलायची कमी आणि बोलली तर समोरच्याला वाटायचं हिने आपली थट्टा केली की काय. बाबल्या मुंबईला गेला तेव्हा वाडीतल्या बायका डोळे पुसत होत्या. ही म्हणाली, "बरं झालं, आता तपेलं लहान लागंल." मग तिने खरंच लहान तपेलं काढलं आणि त्यात रोज भात जास्त व्हायचा.

मुंबईत गोदीत राहून राहून बाबल्या बोटीवर लागला. माल वाहणारी मोठी बोट, तिथे स्वयंपाकघरात काम. दोन पावसाळ्यांनी घरी आला तेव्हा म्हणाला, "आवशी, मी समुद्र बघितलाच नाय. कांदेच बघतो."

ऐंशी सालची गोष्ट. नवरात्राच्या आधी त्याची बोट अरबस्तानाकडे गेली आणि तिकडच्या एका खाडीत शिरली. ती तिथे असतानाच इराण आणि इराक यांची लढाई पेटली. खाडीचं तोंड बंद झालं. कितीतरी देशांच्या बोटी आत अडकल्या, त्यात बाबल्याची.

हे आम्हाला रावजीने सांगितलं. रावजीचं दुकान पालीच्या रस्त्याला, एस.टी. थांबते तिथे. त्याच्याकडे रेडिओ होता आणि येणाऱ्या गाडीतून वर्तमानपत्र टाकलं जायचं. सगुणाने विचारलं, "लडाई कशावरनं?"

रावजी म्हणाला, "दोघांच्या मधे खाडी हाय. एक म्हणतो हद्द पाण्याच्या मधोमध. दुसरा म्हणतो समदं पाणी माझं, तुझी हद्द तुझ्या काठाला. आणखीनपण भानगडी असतील, पन मुळात ही."

"म्हंजे आमच्या महिपत नि केरूसारखं," सगुणा म्हणाली.

थांब्यावरचे लोक हसले. पण तिने विनोद केला नव्हता.

महिपत आणि केरू चुलत भाऊ. दोघांच्या जमिनींमधून एक व्हाळ जातो, उन्हाळ्यातसुद्धा त्यात घोट्याएवढं पाणी असतं. जुना गडगा त्या व्हाळाच्या पलीकडे, महिपतच्या अंगाला होता की अलीकडे, केरूच्या अंगाला, हा वाद. आदल्या साली पुराने गडगा वाहून गेला. महिपतने नवा घातला तो अलीकडे. म्हणजे व्हाळ गेला महिपतकडे. केरूची भाजी आणि वायंगणीचा, म्हणजे उन्हाळी, भात त्या पाण्यावर, घरचं वापराचं पाणीही तिथलंच. केरूने नवा गडगा एका सकाळी पाडला, महिपतने दुपारी पुन्हा रचला. असं भात पोटरीला येईपर्यंत चाललं. शेवटी गावकीचा प्रमुख, गावकार धोंडू, म्हणाला की जुना गडगा घालताना ज्यांनी दगड वाहिले त्यांतलं कोण उरलंय ते बघा. उरली होती सगुणा. नवी नवरी असताना तिने डोक्यावरून जांभ्याचे दगड त्या गडग्याला नेले होते. दोघांनीही तिला कबूल केलं.

लढाईची बातमी आली ती याच आठवड्यात.

तेव्हापासून सगुणा रोज संध्याकाळी रावजीच्या दुकानी जायची. मीही जायची, मला काय, पायाला तेवढीच चाल. बातम्या लागायच्या. आपल्या सरकारचं म्हणणं त्यात मधूनमधून यायचं. दोन्ही देश आपले मित्र आहेत, आपण कुणा एकाची बाजू घेत नाही, हा वाद दोघांनी बसून, बोलून, शांततेने मिटवावा. शब्द थोडे इकडेतिकडे, पण अर्थ हाच.

थांब्यावर महिपत असला की चिडायचा. "ह्यो काय सरकारचा बोलना? एकाला दम द्यायचा सोडून बसा म्हणतायत. कोन बसतो लडाईत?"

सगुणा त्याला म्हणाली, "दम दिला नि त्यानं माझ्या पोराची बोट धरून ठेवली तर? तू जातोस सोडवायला?"

महिपत सामानाची पिशवी उचलून घरी निघाला.

एखाद्या दिवशी तिला जायला उशीर झाला की ती वाटेतच येणाऱ्याला विचारायची, "सरकार काय म्हनालं?"

"तेच."

"बरं झालं," असं म्हणून ती माघारी वळायची. सरकार आज कुणावर रागावलं नाही, एवढंच तिला ऐकायचं असायचं. दिल्लीतल्या माणसांना ठाऊकही नसेल की त्यांनी काही वेगळं बोलू नये म्हणून रत्नागिरीकडे एक बाई दम धरून बसली आहे.

बाकी ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती नुसती सुन्न झाली. भात कापताना विळा बोटाला लागला तर रक्त पेंढीवर दिसल्यावर तिला कळलं. चुलीवर दूध उतू जाताना ती चुलीसमोरच बसलेली असायची. मी हाक मारली की "ओ" द्यायची, पण ती "ओ" लांबून आल्यासारखी. लोक धीर द्यायला यायचे. ती त्यांना बसायला पाट द्यायची आणि त्यांच्याबरोबर स्वतःकडे पाहुण्यासारखी बघत राहायची.

मग कुणीतरी आठवण करून दिली की महिपतच्या बायकोचा, तुळसाचा, भाऊ मुंबईत बोटींच्याच कचेरीत कारकून आहे. अडकलेली माणसं थोडी थोडी करून आणणार आहेत, कुणाला आधी आणायचं ते तिथे ठरतं. सगुणा मला म्हणाली, "वयनी, येतेस काय महिपतकडं?"

आम्ही गेलो. तुळसा स्वभावाने वाईट नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, भावाला कळवते म्हणाली, आणि आत जाऊन चहा घेऊन आली. ठेवणीतल्या कपबशा काढल्या होत्या, म्हणजे मान दिला होता. कप सगुणाच्या हातात देताना म्हणाली, "भाऊ करील गो कायतरी. तू पन आमचं बघ."

सगुणाने कप तोंडाला लावला. मी तिला कोपर मारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि उरलेला अर्धा प्यायली. घरी येताना मी म्हटलं, "अगो, तू तिऱ्हाईत ना? त्यांच्या घरचा चहा प्यायलीस."

ती उभी राहिली. "मी च्या प्याले?"

"मग काय प्यालीस?"

"कायतरी गरम व्हतं," ती म्हणाली. आणि पुढे चालायला लागली.

पौषात गावकी बसली. आमच्याकडे सहाण म्हणून चौथरा आहे, शिमग्याची पालखी बसते तो. तिथे पुरुष वर, बायका खाली, अशी रीत. त्या दिवशी सगुणाला वर बसवलं तर ती अंग चोरून कडेला बसली. एका बाजूला महिपत, दुसऱ्या बाजूला केरू. धोंडू गावकाराने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाला, "सगुणा, गडगा खयं व्हता ता सांग."

सगुणा म्हणाली, "मला सांगता येनार नाय. मी महिपतच्या घरचा च्या प्यालेय."

महिपतने मान खाली घातली. तुळसा खाली बायकांत होती, ती माझ्याकडे असं बघायला लागली जसा काही तो चहा मीच पाजला.

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. नेम मोडला हे तिने आपल्या तोंडाने सांगितलं, आता ती सुटली. खोटं बोलावं लागलं नाही, खरंही बोलावं लागलं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं. तिनेच मागे कधीतरी सांगितलं होतं. गडगा पलीकडे होता. व्हाळ केरूचा.

पण केरू उठला. केरू काटकुळा माणूस, बोलताना डोळे मिचकावायची सवय. तो म्हणाला, "मंग माज्याकडचापन पी. झाली बरोबरी."

लोक हसले. धोंडू म्हणाला, "असा कुठं असतो काय?"

"का नसतो? दोघांचं नाय प्यायचं म्हंजे कुनाकडं झुकायचं नाय. दोघांचं प्याली तर झुकंल कुनाकडं?"

यावर बरीच वादावादी झाली. म्हातारे म्हणाले असं आधी झालं नाही. तरणे म्हणाले मग आता होऊ दे. रावजी म्हणाला, "आपलं सरकार दोघांचं तेल घेतं नि तरी मधेच उभं हाय. त्याला कोन काय बोलत नाय." हे सगळ्यांना पटलं. सरकारला चालतं ते आपल्याला चालायला हरकत नाही, असं ठरलं. केरूची बायको जनी घरी जाऊन चहा घेऊन आली. कप साधा होता, कानाला चीर गेलेला. सगुणा सगळ्यांसमोर तो चहा सावकाश प्यायली. या वेळी तिला आपण काय पितोय ते ठाऊक होतं.

धोंडू म्हणाला, "आता सांग."

तिने कप खाली ठेवला. महिपतकडे बघितलं नाही, केरूकडेही नाही. समोर फणसाचं झाड होतं त्याच्याकडे बघत म्हणाली, "दोघंपन आमची मानसं. मी कुना एकाची बाजू घेत नाय. ह्यो वाद दोघांनी बसून, बोलून, शांततेनं मिटवावा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एकजण म्हणाला, "अरे, ही तर बातम्या सांगतेय," आणि सहाणेवर असा हशा पिकला की धोंडूला काठी आपटावी लागली. "सगुणा दिल्लीला गेली," असं पुढे कितीतरी दिवस पोरं म्हणायची.

केरू हसला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे मिचकावायचं विसरला होता. धोंडूने दोनदा विचारलं, हाच तुझा शब्द का. ती म्हणाली हाच. तिऱ्हाईताचा शब्द झाला, गावकी उठली. आणि बसून बोलायला दोघांपैकी कुणी बसणार नव्हतं, त्यामुळे महिपतने रचला होता तो गडगा तिथेच राहिला. व्हाळ त्याच्याकडे राहिला.

वाटेने मी तिला काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "वयनी, माजं पोर तिकडं हाय." एवढंच.

मी मनात म्हटलं, सरकारचंही असंच असेल. आपली माणसं ज्यांच्या ताब्यात, त्यांच्यापैकी कोण खरा हे मोठ्याने कसं सांगायचं? मग बसा आणि मिटवा म्हणायचं. ते खोटं नसतंच. पण ज्याचं पाणी गेलं त्याला ते कसं ऐकू येत असेल, ते केरूच्या तोंडावर दिसलं होतं.

शिमग्याला बाबल्या आला. पालखी नाचत होती, ढोल वाजत होते आणि हा एस.टी.तून उतरून खांद्यावर पिशवी घेऊन सहाणेपर्यंत आला तरी कुणी ओळखला नाही, इतका वाळला होता. तुळसाच्या भावाने खेटे घालून त्याचं नाव यादीत वर घेतलं होतं, हे नंतर कळलं. खरंच घेतलं होतं. त्या माणसाचे उपकार मी नाकारणार नाही.

सगुणा त्याला बघून म्हणाली, "आलास?" तो म्हणाला, "आलो." मग दोघं घरी गेली. मी मागून भाकऱ्या घेऊन गेले तर एक चुलीच्या या बाजूला, एक त्या बाजूला बसलेलं.

बोटीवरचं त्याने फार सांगितलं नाही. बोटीच्या छपरावर आपला झेंडा मोठा रंगवला होता, वरून आणि दोन्ही काठांवरून दिसेल असा. म्हणजे कळावं की ही माणसं भांडणातली नव्हेत. गोळे डोक्यावरून इकडून तिकडे जायचे. "आमच्यावर टाकायचे नाय," तो म्हणाला. "कवा कवा पडायचे." लांज्याकडचा एक माणूस त्याच्या शेजारी झोपायचा, तो आला नाही. त्याची ट्रंक बाबल्यानेच त्याच्या घरी पोचवली.

एकदा त्याने आईला विचारलं, "आपलं सरकार कुनाच्या बाजूनं व्हतं गो?"

"कुनाच्याच नाय."

"आम्हालापन तसंच वाटत व्हतं," तो म्हणाला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला.

बोटीवर परत जायचं त्याने नाव काढलं नाही. तिनेही काढलं नाही.

चैत्र सरला. गडगे दुरुस्त करायचे दिवस ते, पाऊस पडला की चिखलात दगड बसत नाहीत. केरूची वायंगण त्या साली वाळली. जनी खालच्या वाडीच्या विहिरीवरून पाणी आणायची, म्हणजे चढावर दोन हंडे डोक्यावर आणि कळशी कमरेला. तिची वाट सगुणाच्या अंगणावरून. आधी जनी हाक मारून जायची. आता नुसती जायची.

एक दिवस सगुणा मला म्हणाली, "चल." कुठे ते मला विचारावं लागलं नाही.

महिपत अंगणात आमसुलं वाळत घालत होता. तुळसा रस शिंपडत होती. सगुणा उभीच राहिली. म्हणाली, "महिपत, गडगा व्हाळाच्या पलीकडं व्हता. तुज्या अंगाला. माज्या डोईवरनं दगड गेलेत."

महिपतने हातातलं आमसूल ठेवलं. "ह्ये सहानेवर का नाय सांगितलंस?"

"तवा पोर तिकडं व्हतं."

"नि आता पोर आलं म्हनून सांगतेस."

"व्हय."

तुळसा म्हणाली, "माजा भाऊ तुज्या पोरासाठी किती जागी गेला, ठावं हाय?"

"ठावं हाय. मरेपरेंत इसरनार नाय," सगुणा म्हणाली. "तरी गडगा पलीकडंच व्हता."

मला वाटलं आता महिपत शिव्या घालील. त्याने घातल्या नाहीत. तो पुन्हा खाली बसून आमसुलं पसरायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "जा, सांग गावकाराला. मी अडवत नाय."

आम्ही तशाच धोंडूकडे गेलो. धोंडूने ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं. तिऱ्हाईत एकदाच बोलतो. दुसऱ्यांदा बोलू दिलं तर उद्या प्रत्येक निवाडा पुन्हा उघडेल, जुने सगळे. "तुजा शब्द झालाय सगुणा. दोघांनी बसून मिटवा, असा झालाय. आता ती दोघं बसली तरच."

"नाय बसली तर?"

"तर नाय."

मग ती केरूकडे गेली. मी दारात थांबले. केरू नांगराचा दांडा तासत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, महिपतला सांगितलं तेही, धोंडू काय म्हणाला तेही. केरू तासता तासता म्हणाला, "मला ठावंच व्हतं. माजा पोरगा असता तर मीपन तेच केलं असतं." मग दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितला. "पन पानी गेलं ना माजं."

सगुणा म्हणाली, "व्हय."

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, सांगून टाकलंस, आता मन हलकं झालं असेल. ती म्हणाली, "काय वाटत नाय गो वयनी. हलकं नाय, जड नाय." बाबल्या पडवीत बसला होता. आमचं बोलणं ऐकून त्याने माझ्याकडून सगळं काढून घेतलं, त्याला आधी काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने अवजारांच्या मांगरातली जुनी कावड काढली, दोऱ्या बदलल्या आणि खालच्या विहिरीवर गेला. पुरुषाने दुसऱ्याच्या घरचं पाणी भरायचं ही रीत आमच्यात नाही. विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो कावड भरून चढ चढला, आपल्या अंगणातून पुढे गेला आणि केरूच्या दारात उभा राहिला. जनी भांडी घाशीत होती. तिने बघितलं कोण आहे ते. मग राखेच्या हातानेच दाखवलं आणि म्हणाली, "ठेव तिथं."

त्याने ठेवलं आणि रिकामी कावड घेऊन परत विहिरीकडे गेला. पाऊस लागेपर्यंत तो रोज जायचा. जनी रोज तेवढंच म्हणायची.